ज्याचं त्याने आधी ऐकायचं

बाईंचा फोन अजून लागतो. रिंग पूर्ण वाजते, मग ती रेकॉर्ड केलेली मुलगी सांगते की आपण ज्यांना फोन केलाय ते उत्तर देत नाहीयेत. बाईंनी तिच्यावरही कॉमेंट केली असती. 'या पोरीचे सगळे श्वास कुणीतरी कापलेत. मेली असेल बिचारी.' मला बाईंबद्दल कधीपासून लिहायचंय. दर वेळी दोन पॅरा होतात, मग मी मोबाइल उलटा ठेवते आणि झोपून जाते. आज ऑफिसला दांडी मारून एका दमात टाइप करतेय, त्यामुळे मागचं पुढे आणि पुढचं मागे होणार, सांभाळून घ्या यार.

आधी 'बाई' म्हणण्याचं सांगते. दिल्लीत बाई म्हणजे झाडू-पोछावाली. मी दिल्लीतल्याच द्वारकात वाढलेली, बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, घरात मराठी आणि दाराबाहेर पाय टाकला की हिंदी. म्हणजे माझ्याही डोक्यात बाई म्हणजे तेच. कॉलेज संपल्यावर मी एका कम्युनिटी रेडिओवर इंटर्न म्हणून लागले. एका संस्थेचा छोटासा रेडिओ, एका गावातल्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. गाव म्हणजे दिल्लीने चारी बाजूंनी गिळलेलं गाव, खाली म्हशी आणि वर मोबाइलचे टॉवर. पहिल्या दिवशी आत गेले तर पन्नाशी उलटलेली एक बाई भिंतीला कान लावून उभी. शेजारच्यांची पाण्याची मोटर कधी सुरू होते ते ऐकत होती, कारण ती सुरू झाली की रेकॉर्डिंग बंद ठेवावं लागायचं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त म्हटलं, "हॅलो मॅम."

"नाव सांग. आडनावासकट."

सांगितलं.

"मराठी आहेस, तर मॅम काय? मी शेळी आहे?"

"मग... काकू?"

"तुझ्या कुठल्याही काकाशी मी लग्न केलेलं नाही. बाई म्हण. आम्ही शाळेत बाईच म्हणायचो."

मग मी सगळ्या स्टेशनसमोर त्यांना बाई म्हणायला लागले. अकाउंट्सवाल्या भैयांनी मला बाजूला घेऊन समजावलं, "बेटा, दीदी को ऐसे नहीं बोलते, बुरा लगता है." बाई आतून ओरडल्या, "बोलने दो! इस पूरे दफ्तर में एक ही तो मुझे मेरे नाम से बुलाती है." जे त्यांचं नाव नव्हतंच.

त्यांचा जन्म हिंदूराव हॉस्पिटलमधला. ही गोष्ट त्या मराठी माणूस भेटला की पाचव्या वाक्याला सांगायच्या. "दिल्लीत जन्मले, पण मराठी नावाच्या छपराखाली." आयुष्यभर मोठ्या रेडिओवर हंगामी निवेदिका, कधी पर्मनंट झाल्या नाहीत. मग एका वर्षी त्यांच्या जागी कॉम्प्युटर बोलायला लागला आणि त्या इथे आल्या. लग्न केलं नाही. का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यांची मराठी भारी होती आणि माझी म्हणजे तुम्ही बघताच आहात. एकदा म्हणाल्या, "मागच्या नाल्याकडे जाऊन जरा कानोसा घेऊन ये." मी विचारलं, "बाई, कानोसा कुठल्या दुकानात मिळेल?" त्यांनी मला तसंच पाठवलं. "जा, नाल्याकाठी उभी राहा. काही विकत घेऊ नकोस, काही रेकॉर्ड करू नकोस. परत आलीस की कळेल काय आणलंस."

आवाजाच्या बाबतीत त्या पूर्ण पागल होत्या, बिल्कुल. स्वतः सुती कपडे घालायच्या, आणि आम्हालाही तीच सक्ती. मी सिंथेटिक कुर्ता घालून गेले तर म्हणाल्या, "तू चाललीस की कुणीतरी पापड तळतंय असं वाटतं." स्टुडिओच्या दारात एक स्टीलचा वाडगा, त्यात सगळ्यांनी बांगड्या, पैंजण, चाव्या काढून ठेवायच्या. आरोग्य विभागाचे एक मोठे साहेब मुलाखतीला आले, त्यांना बाईंनी पट्टा काढायला लावला, कारण बकल टेबलाला लागून वाजत होतं. साहेब बिचारे एका हाताने पँट धरून डेंग्यूवर बोलले. डब्यात कायम केळं नाहीतर दहीभात, म्हणजे चावताना आवाज होणार नाही. मी एकदा चिप्स खात बसले होते तर काचेला कपाळ टेकवून त्या बाहेरून माझ्याकडे बघत राहिल्या, पाकीट संपेपर्यंत. मी त्यानंतर चिप्स सोडले, अजून खात नाही.

आणि फ्रिज! कुणाच्याही घरी रेकॉर्डिंगला गेलो की पहिल्यांदा त्या फ्रिज बंद करायच्या, त्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून. परत सुरू करायला विसरू नये म्हणून स्वतःच्या घराची चावी फ्रिजमध्ये ठेवायच्या. चावीशिवाय घरी जाता येत नाही, मग फ्रिज आठवणारच. लोकांना हे कळायचं नाही. एक आजी घाबरून सुनेला म्हणाल्या, "ये औरत कुछ रख के जा रही है." मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत कूलर बंद, पंखा बंद, घरातले सगळे घामाने निथळतायत, आणि बाई हेडफोन लावून, डोळे मिटून, बोट वर करून बसल्यात, म्हणजे अजून कुणी बोलायचं नाही. बोलायच्या आधी खोलीची शांतता रेकॉर्ड करायची हा नियम. मुलं हसू दाबायची. आणि मग अचानक कुणीतरी बोलायला लागायचं. मी प्रश्न विचारायच्या आतच. गप्प बसून बसून माणसाच्या आत जे साठतं ना, ते बाहेर यायचं.

प्रश्न विचारायचेही नियम होते. 'कसं वाटलं' विचारायचं नाही. "टीव्हीवाले विचारतात ते. मेलेल्याच्या आईला विचारतात. तू विचार, तेव्हा काय केलंस. हात काय करत होते." पण सगळ्यात मोठा नियम म्हणजे ज्याचं त्याने आधी ऐकायचं. कुणाचीही गोष्ट रेकॉर्ड केली, एडिट केली, की प्रसारणाच्या आधी स्पीकर घेऊन त्याच्याकडे जायचं. पूर्ण ऐकवायचं, शेवटपर्यंत, त्याच्या शेजारी बसून. तो 'हाँ' म्हणाला तर लावायचं. 'नहीं' म्हणाला तर तिथेच, त्याच्या डोळ्यांसमोर डिलीट. कॉपी ठेवायची नाही.

मला हा नियम माझ्या पहिल्याच गोष्टीत कळला. स्टेशनच्या मागे नाल्याकाठी एक वस्ती होती, तिथे शाळेचे युनिफॉर्म शिवणारे मास्टरजी होते. मी त्यांची मुलाखत घेतली आणि मस्त, टाइट एडिट केली. सगळे 'अं', सगळे पॉज उडवले, मागे म्युझिक टाकलं. मला वाटलं बाई मला मिठी मारतील. बाई म्हणाल्या, "मला काय ऐकवतेस? त्यांना ऐकव."

मास्टरजींनी मान खाली घालून पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "बेटा, अच्छा है. पर ये कौन बोल रहा है?"

"आप ही तो हैं, मास्टरजी."

"मैं इतना तेज़ कहाँ बोलता हूँ. मैं तो सुई में धागा डालते-डालते बोलता हूँ."

येताना बाई म्हणाल्या, "शब्द काप, वाक्य काप. श्वास कापायचा नाही. श्वास घेताना माणूस ठरवत असतो, पुढचं सांगू की नको." मी ते पुन्हा एडिट केलं, मधे मधे मशीनची टकटक, धागा ओवतानाची गप्प जागा. मास्टरजी म्हणाले, हाँ, ये ठीक है, चला दो. त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं की मी काय शिकायला आलेय. मी घरी आईला एवढं सांगत होते की आई म्हणाली, "जेव आधी."

मग वस्तीच्या भिंतींवर नोटिसा लागल्या. जागा सरकारी, खाली करा.

कम्युनिटी रेडिओला बातम्या द्यायची परवानगी नसते. म्हणजे सगळी वस्ती ज्याबद्दल बोलतेय तेच आम्हाला बोलता येत नव्हतं. आम्ही डेंग्यू सांगू शकतो, भजन लावू शकतो, नोटीस नाही. बाई त्या दिवशी दहीभाताचा डबा न उघडता घरी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "नोटिशीबद्दल नाही बोलायचं. घराबद्दल बोलायचं." प्रत्येकाने आपलं घर कसं उभं केलं ते सांगायचं. पहिली वीट कुठून आली, छप्पर कधी पडलं. मालिकेचं नाव 'हमारा घर'. आणि बाईंना त्यातून एकच गोष्ट हवी होती. घर उभं असताना, त्याच घरात बसून, त्या माणसाने स्वतःला रेडिओवर ऐकायचं. शेजाऱ्यांनीही त्याच वेळी आपापल्या घरात ऐकायचं. बस. बुलडोझर थांबेल वगैरे असं त्यांना एकदाही वाटलं नाही. मला वाटायचं. मी बावीस वर्षांची होते, मला सगळंच वाटायचं.

आम्ही एक पूर्ण गल्ली रेकॉर्ड केली. त्यातली सरोजदीदीची गोष्ट मला पाठ आहे अजून. त्या द्वारकातल्या सोसायट्यांमध्ये काम करायच्या. तिथे कुणी बाथरूम नवीन केलं की जुन्या टाइल्स खाली फेकायचे, त्या उचलून सरोजदीदी डोक्यावरून घेऊन यायच्या. त्यांच्या खोलीच्या भिंतीला प्रत्येक टाइल वेगळी, निळी, गुलाबी, माशांची, एक तर नुसती अर्धी. "ये वाली तीन सौ चार नंबर की है, ये गुप्ता मैडम की." बोट फिरवत त्यांनी पूर्ण भिंत सांगितली. अख्खं द्वारका त्या भिंतीवर होतं यार.

आता ऐका काय झालं. बाई म्हणाल्या, पूर्ण गल्लीचं तयार झाल्याशिवाय एकही लावायचं नाही. एकाचं लागलं आणि शेजारच्याचं राहिलं, तर नळावर भांडणं होतील, आणि आधीच लोक टेन्शनमध्ये आहेत. पूर्ण गल्ली म्हणजे प्रत्येकाने आधी ऐकायचं. आणि ऐकायला वेळ कुणाला होता? कुणी कागदपत्रांसाठी लाइनमध्ये, कुणी भाड्याची खोली शोधतंय, कुणी गावाला सामान पाठवतंय. आम्ही स्पीकर घेऊन दारोदार फिरायचो आणि लोक म्हणायचे, "चला दो ना दीदी, हमने ही तो बोला है, क्या सुनना!"

"नहीं. आप सुनोगे, फिर हाँ बोलोगे."

"अरे हाँ ही है."

"सुने बिना हाँ नहीं होती."

मी चिडले. रस्त्यातच म्हटलं, "बाई, लावून टाकू या ना. ते हो म्हणतातच आहेत."

"तुला घाई आहे, त्यांना पण आहे. रेडिओला घाई नसते. त्याच्यावर एकदा गेलं की परत बोलावता येत नाही."

"पण घरंच गेली तर?"

त्यांनी पुढचं दार वाजवलं.

गल्लीतली थोडीच घरं ऐकायची राहिली होती तेव्हा बुलडोझर आला. सकाळी. मला फोन आला, मी ई-रिक्षाने पोचले तर बाई आधीच नाल्याच्या काठावर उभ्या. गळ्यात रेकॉर्डर. मी विचारलं, "ऑन करू?"

"काय करणार आहेस ते घेऊन? याला कोण हो म्हणणार आहे?"

आम्ही तिथे उभ्या राहिलो. मी तर रडून रडून बेकार. बाईंनी कान झाकले होते. दोन्ही तळव्यांनी, लहान मुलं झाकतात तसे. ती बाई, जी मोटरच्या आवाजासाठी भिंतीला कान लावायची. तेवढं बघितलं मी, मग नाही बघवलं.

त्यानंतर डायरेक्टर सरांनी मीटिंग घेतली. सर वाईट माणूस नव्हते, खरंच नव्हते. ते म्हणाले, "दीदी, अब तो चला दीजिए. इससे ज़्यादा दमदार क्या होगा? पॉडकास्ट भी डालेंगे, दुनिया सुनेगी."

बाई म्हणाल्या, "जिन्होंने हाँ बोला था, उन्होंने अपनी गली में बजेगा सोचकर हाँ बोला था. गली ही नहीं रही. फिर से पूछना पड़ेगा."

सरांनी डोकं धरलं. मी पण धरलं, मनातल्या मनात.

आणि आम्ही परत विचारायला गेलो. काहींचे फोन बंद, म्हणजे हाँ नाही, त्यांचं तसंच मिटवलं. मास्टरजी बिहारला गेले, त्यांना मी फोनवर त्यांच्या घराचं ऐकवलं. ऐकताना त्यांच्या मागे कुणाची तरी लहान मुलं ओरडत होती. ते म्हणाले, "मिटा दो बेटा. वहाँ मेरी इज़्ज़त थी." बाकी काही जणांना दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, पार हरियाणाच्या हद्दीपाशी खोल्या मिळाल्या होत्या. मेट्रो, बस, परत बस, परत ई-रिक्षा. एकसारख्या चार मजली इमारती, पाणी टँकरने. बाई स्पीकर मांडीवर घेऊन बसलेल्या पूर्ण रस्ता.

सरोजदीदींनी आम्हाला बघून आनंदाने चहा केला. भिंती कोऱ्या, पिवळट. फ्रिज नव्हता, पंखा त्यांनी आपणहून बंद केला. मी गोष्ट लावली. त्या पूर्ण ऐकत होत्या, टाइल्सची जागा आली तेव्हा बोट आपोआप हललं त्यांचं, हवेत. संपलं. मग त्यांनी विचारलं, "ये यहाँ पकड़ेगा?"

बाईंनी पिशवीतून छोटा ट्रान्झिस्टर काढून त्यांच्या हातात दिला. सरोजदीदींनी काटा फिरवला, हळूहळू, मागे-पुढे, खिडकीपाशी नेऊन. नुसती खरखर. आमचा ट्रान्समीटर एवढासा, तो कुठला इथवर पोचायला.

"तो वहाँ कौन सुनेगा अब?"

मी म्हटलं, "द्वारका वाले. सोसायटी वाले सुनेंगे, दीदी. बहुत लोग सुनते हैं."

"तीन सौ चार वाली? गुप्ता मैडम?"

"हाँ... शायद."

सरोजदीदी हसल्या, म्हणजे तोंड तसं झालं. "नहीं जी. मेरा घर टूट गया, और मैडम चाय पीते-पीते सुनेंगी कि उनकी टाइल से क्या-क्या बनाया था मैंने? नहीं. आप मिटा दो."

"दीदी, एक बार सोच लो ना," मी म्हटलं. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मग मला मराठीत म्हणाल्या, "कर."

मी लॅपटॉप उघडून त्यांच्यासमोर डिलीट केलं. ट्रॅश पण रिकामा केला, तो पण नियम होता. शेजारच्या बिल्डिंगमध्ये गेलो, त्यांचंही तेच. आमचं जेवण झालं का विचारलं सगळ्यांनी, चहा सगळ्यांनी दिला, आणि सगळ्यांनी मिटवायला सांगितलं. शेवटच्या घरातून खाली उतरेपर्यंत फोल्डरमध्ये काही उरलं नव्हतं. पूर्ण गल्ली.

परतीच्या बसमध्ये मी भांडले त्यांच्याशी. म्हणजे मी भांडले, त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "तुमच्या नियमामुळे झालं हे. आधी लावलं असतं तर एकदा तरी ऐकलं असतं त्यांनी. घरात बसून. तुम्हाला तेवढंच तर हवं होतं ना?"

"हो," त्या म्हणाल्या. "तेवढंच हवं होतं."

मला वाटलं पुढे काहीतरी म्हणतील. नियम का बरोबर आहे वगैरे. त्यांनी पिशवीतला ट्रान्झिस्टर चालू करून कानाशी धरला. खरखर, खरखर, किती तरी वेळ. बस नांगलोई ओलांडून बरीच पुढे आल्यावर मधेच एक शब्द, मग अर्धं वाक्य, मग एकदम स्वच्छ आवाज आला. माझा. नोटीस लागली त्या आठवड्यात रेकॉर्ड केलेला प्रोमो, ऑटोप्लेवरून काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी अशी आनंदाने फुटत बोलत होते त्यात, मलाच ऐकवेना. "दीवारें भी बोलती हैं! बहुत जल्द सुनिए, हमारा घर, आपकी ज़बानी, सिर्फ़ आपके अपने रेडियो पर!"

मी बंद करायला हात पुढे केला. बाईंनी करू दिलं नाही.

कंडक्टर आमच्याच सीटपाशी उभा होता. वाकून म्हणाला, "ये कब आएगा मैडम? घर वाला? हमारे उधर भी पकड़ता है."

"नहीं आएगा, भैया," बाई म्हणाल्या.

"नहीं आएगा?" तो माझ्याकडे बघायला लागला, मग परत बाईंकडे. "तो फिर बजा क्यों रहे हैं?"